तोतये, हुंड्या आणि आप्पांचा ओटीपी

तर मंडळी, गेले दोन वीकान्त काहीच लिहिलं नाही. रिलीज होतं, हे एक कारण. दुसरं कारण राधानगरीला होतं आणि ते सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी आप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही की. आता लपवून काय करायचंय? फकस्त बँकेचं नाव लिहू नगंस, मॅनेजर चांगला माणूस हाय." म्हणून लिहितोय, बँकेचं नाव न लिहिता.

गेल्या ऑगस्टातली गोष्ट. राधानगरी म्हणजे ऑगस्टमध्ये नुसतं पाणी. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की गावातली निम्मी मंडळी बघायला जाते, लहानपणापासून बघत आलेलो असलो तरी मीही जातो. यावेळी शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो, पहाटे कावळा नाक्याला उतरलो आणि रंकाळा स्टँडवरून एसटीने घरी पोचलो. घरात शिरल्याशिरल्या डोक्यावर थेंब पडला. माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवलेली. यंदा उन्हाळ्यातच कौलं बदलायची ठरली होती. ते जमलं नाही, मग निदान पावसाच्या आधी पत्रा तरी मारून घेऊ म्हणाले होते, आणि त्यासाठी ऊसबिलाचे पैसे आप्पांनी बाजूला काढून ठेवलेले.

"आप्पा, पत्र्याचं काय झालं?"

आप्पा काही बोलले नाहीत. आई आत निघून गेली. मग हळूहळू बाहेर आलं. एकोणीस दिवसांपूर्वी फोन आला होता. माणूस शुद्ध मराठीत बोलत होता. कार्ड बंद पडणार आहे म्हणाला, केवायसी राहिलीय म्हणाला. दहा मिनिटांत तीन ओटीपी गेले, आणि खात्यातून आधी पंचवीस हजार, मग पुन्हा पंचवीस, मग अकरा. एकूण एकसष्ट हजार.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि ते सांगायला मला लाज वाटते. मी ओरडलो. आपण पुण्यात दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिम सुरक्षित करत बसतो आणि घरी हे? "ओटीपी सांगू नका असं मेसेजमध्येच लिहिलेलं असतं! वाचता येत नाही का?" असं मी चाळीस वर्षं शाळेत क्लार्क असलेल्या माणसाला विचारलं.

आप्पा एवढंच म्हणाले, "आरं, त्येला माझं नाव ठावं हुतं. कार्डाचं शेवटचं चार आकडं बी त्येनंच सांगितलं. वळखीचा असल्याबिगर कसं सांगंल?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. परतीच्या एसटीत, हळदी-परिते ओलांडून जाईपर्यंत मी त्याचाच विचार करत होतो. 'ओळखीचा असल्याशिवाय कसं सांगेल?' यात मूर्खपणा काय आहे? माणसं हजारो वर्षं याच एका तर्कावर एकमेकांना ओळखत आलीत. आणि हजारो वर्षं याच तर्काने फसतही आलीत. शाळेत इतिहासात वाचलेली दोन प्रकरणं आठवली, पुण्यात येऊन पुस्तकं चाळली, आणि हा लेख झाला.

पहिलं प्रकरण आमच्या कोल्हापूरकडचं. म्हणजे घडलं साताऱ्यात, पण त्यातली मुख्य व्यक्ती तीच, जिचा घोड्यावरचा पुतळा कावळा नाक्यावर आहे. महाराणी ताराबाई. औरंगजेबाशी लढलेली, कोल्हापूरच्या गादीची संस्थापक. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर झालं. सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांनी ताराबाई आणि तिचा मुलगा शिवाजी यांना कैदेत टाकलं. हा शिवाजी पुढे कैदेतच वारला. मग बरीच वर्षं गेली. साताऱ्याच्या शाहू महाराजांना वारस नव्हता, त्यांची तब्येत ढासळली, आणि म्हाताऱ्या ताराबाईंनी सांगितलं की माझा एक नातू आहे. तो जन्मला तेव्हा त्याच्या जिवाला धोका होता म्हणून त्याला लपवून वाढवलं. हाच रामराजा.

आता ओळख पटवायची कशी? फोटो नाही, जन्मदाखला नाही, डीएनए नाही. ज्याला आपण आज 'इश्यूइंग अथॉरिटी' म्हणू ती एकच, आजी. तेव्हा सरदारांच्या समोर ताराबाईंनी त्याच्याबरोबर जेवण केलं आणि अन्नाची शपथ घेऊन सांगितलं की हा माझाच नातू. त्या काळात कुणाच्या पंगतीला बसायचं यावर माणसाची जात, कूळ, इज्जत ठरायची. म्हणजे ही शपथ तोंडाची वाफ नव्हती. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला वारले आणि जानेवारी १७५० मध्ये रामराजा गादीवर बसला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आजीने नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. पेशव्यांच्या विरोधात तो तिच्या बाजूने उभा राहीना, हे भांडण. आणि मग आजी म्हणाली, हा माझा नातू नव्हेच. हा तोतया, कुणी गोंधळ्याचं पोर. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे तिने तशी शपथसुद्धा घेतली!

एकाच अथॉरिटीने सर्टिफिकेट दिलं आणि तिनेच ते रद्द केलं. आपल्या भाषेत 'रिव्होक' केलं. आता सिस्टिमने काय करायला हवं? नियमाने पाहिलं तर रामराजा बाद व्हायला हवा. पण तो बाद झाला नाही. नानासाहेब पेशव्यांना दुसरा छत्रपती आणण्यात रस नव्हता. रामराजा नावापुरता का होईना, छत्रपतीच राहिला, आणि १७७७ मध्ये वारेपर्यंत राहिला. खरा होता की खोटा? मला व्यक्तिशः पहिली शपथ खरी आणि दुसरी राजकारणाची वाटते. पण ते सोडा. मला यातून भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही कोण आहात हे तुमच्या हातात नसतंच, ते दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावर असतं. रामराजाला विचारायला कुणी गेलं नाही.

दुसरं प्रकरण तुम्हाला माहीत असणार. भाऊसाहेबांचा तोतया. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच्यावरच आहे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पुण्यात सगळ्यांना ते पटलं नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंना तर कधीच पटलं नाही. त्या पुढे सौभाग्यवतीसारख्याच राहिल्या, १७८३ मध्ये वारल्या तोपर्यंत. बावीस वर्षं! जिथे एवढी मोठी आशा शिल्लक असते तिथे कुणीतरी येऊन उभा राहतोच. उत्तरेत एक माणूस उगवला, सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण. चेहरा-बांधा भाऊंसारखा. आपण भाऊच, असं सांगत फिरू लागला, आणि माणसं मागे जाऊ लागली. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याला पकडून आणलं, चौकशी झाली, बिंग फुटलं आणि त्याची रवानगी कैदेत झाली. मारलं मात्र नाही. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर असं करत शेवटी तो रत्नागिरीला ठेवला गेला.

इथपर्यंत सिस्टिम बरोबर चालली होती. रेकॉर्डवर स्पष्ट नोंद होती, की हा तोतया.

मग आलं १७७६. माधवराव गेलेले, नारायणरावांचा खून झालेला, पेशवा म्हणजे दोन वर्षांचं मूल, कारभार नाना फडणिसांकडे आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. वरच्या माणसावर कुणाचा भरवसा नाही, असा काळ. आणि अशा वेळी रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने आपल्याच कैद्याला सोडून दिलं आणि जाहीर केलं, की हे खरेच भाऊसाहेब.

बस. एवढंच लागलं. कोकणातले किल्ले पटापट त्याच्याकडे गेले. हजारोंची फौज जमली. माणूस घाट चढून बोरघाटापर्यंत आला, म्हणजे आपल्या खंडाळ्यापर्यंत! शेवटी महादजी शिंदे वगैरे मंडळी त्याच्यावर गेली, त्याचा मोड झाला, तो पळाला, समुद्रमार्गे निसटायला बघत होता तेव्हा रघोजी आंग्र्यांनी पकडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि त्या डिसेंबरात त्याला देहान्त शासन झालं.

लहानपणी वाचताना मला यात तोतया महत्त्वाचा वाटायचा. आता वाटतं तो नव्हेच, महत्त्वाचा परांजपे. तोतया दहा-अकरा वर्षं तोच होता, तसाच दिसत होता, तेच सांगत होता, आणि कुणी विचारत नव्हतं. ज्या दिवशी दारावरच्या अधिकाऱ्याने 'होय, हाच' म्हटलं त्या दिवशी किल्ले उघडले. पुढच्या कुठल्याही किल्लेदाराने पुण्याला माणूस पाठवून 'जुनी नोंद काय सांगते' हे विचारल्याचं दिसत नाही. विचारलं असतं तरी पुण्यावर विश्वास होता कुणाचा, हा प्रश्न वेगळा.

हे डोक्यात ठेवा. आता थेट २०१८ मध्ये जाऊ.

मी तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर (१९०६ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे जुनीजाणती सहकारी बँक) हल्ला झाला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांनी सुमारे १२ हजार व्यवहार, ७८ कोटी रुपये. भारतात रुपे कार्डांनी सुमारे २,८०० व्यवहार, अडीच कोटी. मग सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्फत हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटी ४२ लाख. यातल्या भारतातल्या अडीच कोटींपैकी जवळजवळ ८९ लाख कुठून निघाले असतील? कोल्हापूरच्या एटीएममधून! आम्ही चहा प्यायला जायचो त्याच शहरात कुणीतरी पंचाण्णव बनावट कार्डं घेऊन या मशीनवरून त्या मशीनवर फिरत होतं.

आता गंमत बघा. (गंमत म्हणायची आपली सवय वाईट आहे, पण असो.) नेहमी काय होतं? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता, मशीन बँकेच्या 'स्विच'ला विचारतं, स्विच मुख्य सिस्टिमला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो: हा माणूस खरा का, पिन बरोबर का, पैसे आहेत का? कोअर 'हो' म्हणाला की पैसे बाहेर. चोरांनी मालवेअर घालून मध्ये आपला एक खोटा स्विच बसवला. तो कोअरला विचारायचाच नाही. कुणीही आलं की 'हो, हाच, द्या पैसे' म्हणायचा. म्हणून खातेदारांच्या खात्यातून एक रुपयाही वजा झाला नाही, गेले ते बँकेचे.

रामचंद्र नाईक परांजपे! दारावर बसलेला, मुख्य नोंद न विचारता 'होय, हेच भाऊसाहेब' म्हणणारा. अडीचशे वर्षं मध्ये गेली आणि छिद्र तेच.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. इकडे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ही मंडळी म्हणजे कार्डं घेऊन मशीनपुढे उभी राहणारी. पलीकडे बसून दोऱ्या हलवणारे काही त्यांच्यात नव्हते. हाँगकाँगला गेलेल्यातले काही पैसे परत मिळाले.

एक जाता जाता. त्या वेळी बरीच कार्डं नुसत्या काळ्या पट्टीची होती. त्या पट्टीवरची माहिती साधी वाचता येते आणि दुसऱ्या कोऱ्या कार्डावर जशीच्या तशी उतरवता येते. चिपचं तसं नाही. चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे कालचा आकडा चोरून आज उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने सगळी कार्डं चिपची करायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. हल्ला झाला तेव्हा साडेचार महिने बाकी होते.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या काळी लोक भाबडे होते, शपथा आणि जेवणावर चालायचं. अजिबात नाही! उलट कागदाच्या बाबतीत आपले पूर्वज आपल्यापेक्षा संशयी होते, आणि हा भाग वाचताना मला फार मजा आली.

शिवकालीन पत्र बघितलंय का कधी? वर शिक्का असतो, तो सगळ्यांना माहीत. पण मजकूर संपतो तिथे आणखी एक छोटी मुद्रा असते, मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं आहेत. म्हणजे इथे मर्यादा झाली, याच्या खाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे. अहो, हा तर 'एंड ऑफ फाइल'! कागदाचे लांब बंद एकमेकांना चिकटवलेले असत, तर सांध्यावरही शिक्का, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालता येऊ नये.

आणि हुंडी. सावकारी पेढ्यांवर एका गावात पैसे भरून दुसऱ्या गावात उचलायचा कागद. हुंडीवर रक्कम कशी लिहीत? रुपये शंभर, त्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर. आकडा, मग त्याचा अर्धा, मग दुप्पट. का? तर कुणी शंभरावर एक शून्य चढवून हजार केले, तर खाली 'निमे पन्नास' ओरडून सांगणार, की मी खोटा आहे. याला आपण चेकसम म्हणतो आणि कॉलेजात तो अमेरिकेत जन्मला असं शिकतो.

तुमच्या खिशातल्या कार्डावरच्या सोळा आकड्यांमधला शेवटचा आकडा असाच असतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून याने १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता ती युक्ती. उजवीकडून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, नऊच्या वर गेला तर त्यातून नऊ वजा करायचे, सगळ्यांची बेरीज घ्यायची. दहाने भाग गेला तर नंबर जमला. करून बघा, तुमच्याच कार्डावर. (आणि कुणाला दाखवू नका :-)) इथेही दुप्पट, तिथेही दुप्पट. योगायोग असेल, पण मला आवडला.

फक्त एक आहे. मोर्तब, निमे-दुप्पट, लून, ही सगळी कागद खरा आहे का ते सांगतात. कागद धरणारा हात कुणाचा ते सांगत नाहीत. हुंडीवाल्यांना हेही ठाऊक होतं. म्हणून हुंडीचे प्रकार होते. निशाजोग म्हणजे जो कागद आणील त्याला पैसे. नामजोग म्हणजे नाव लिहिलंय त्यालाच. आणि शहाजोग म्हणजे बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच, ज्याला सगळे ओळखतात. पैसे चुकीच्या हातात गेले तर त्या शहाला धरता येई. आज आपण 'शहाजोग' शब्द संभावित ढोंगी माणसासाठी वापरतो. भाषेला माणसांचा अनुभव कळतो, एवढंच म्हणेन.

आप्पांचं बँकेतलं पहिलं खातं शहाजोगच होतं म्हणा ना. तेव्हा खातं काढायला ओळखदार लागायचा, आधीच्या खातेदाराची सही. आप्पांचे ओळखदार म्हणजे आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार. बँकेतला शिपाई आप्पांना नावाने हाक मारायचा. त्या जगात ज्याला तुमचं नाव, गाव आणि खातं माहीत आहे तो माणूस ओळखीचा असायचा. दुसरा कुठून कळणार? फोनवरचा तो माणूस नेमका त्याच जगातला माणूस बनून आला. त्याच्याकडे चार आकडे होते, कुठून तरी फुटलेल्या यादीतले. आप्पांनी त्याची ओळख पटवली, आणि त्याने आप्पांची पटवून घेतली नाही, हे आप्पांच्या लक्षातच आलं नाही.

आणि कृपा करून हे 'खेड्यातल्या म्हाताऱ्यांचं' आहे असं समजू नका. २००५ मध्ये पुण्यातच एम्फसिसच्या बीपीओमधलं प्रकरण गाजलं होतं. तिथल्या कॉल सेंटरच्या पोरांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांचा विश्वास संपादन करून गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले, आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास पैसे पुण्यातल्या खात्यांत वळवले. आत कागद-पेन न्यायला बंदी होती, तर आकडे पाठ केले! फसलेले ग्राहक अमेरिकेतले, फसवणारे आपल्यासारखेच इंग्रजी बोलणारे तरुण. तेव्हा भारतीय कायद्यात 'ओळख चोरणे' असा वेगळा गुन्हासुद्धा नव्हता. तो आला २००८ च्या दुरुस्तीने, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क नव्हे, ६६सी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ६६डी म्हणजे कॉम्प्युटर-फोन वापरून तोतयेगिरी करून फसवणं. सुखनिधानला आज ६६डी लागला नसता, त्याच्याकडे फोन नव्हता.

आता आप्पांच्या पैशांकडे. मी नियम वाचले, म्हणजे खरोखर बसून वाचले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा शून्य. पण ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे आप्पांचे एकसष्ट हजार नियमाने आप्पांचेच गेले.

तरी एक वाट होती. १९३० हा नंबर. फोन केला की तक्रार लगेच बँकांच्या साखळीत जाते आणि पैसे ज्या खात्यात पडलेत तिथून पुढे हलायच्या आत अडवता येतात. तासाभरात केला तर चांगली शक्यता, दुसऱ्या दिवशी कमी, एकोणीस दिवसांनी... आम्ही तरी केला. पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पैसे ज्या खात्यात गेले होते ते रिकामं होतं.

मी आप्पांना विचारलं, त्याच दिवशी मला फोन का नाही केलात? ते बराच वेळ पावसाकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू वरडला असतास."

पुढे काही विचारलं नाही मी.

एकोणीस दिवस त्या माणसाने कौलाच्या गळतीखाली पातेली बदलत काढले, आणि कारण काय तर पोरगा ओरडेल. चोराने दहा मिनिटं घेतली. उरलेला वेळ माझ्या धाकाने खाल्ला. आणि मी खरंच ओरडलो, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता.

त्या रविवारी आम्ही बसून काही कामं केली, तुम्हीही घरच्यांबरोबर करू शकता. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार अॅपमधून बंद करून टाकले. ही सोय २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावीच लागते, आणि आप्पांना फ्रान्समध्ये खरेदी करायची नाहीये. एटीएमची रोजची मर्यादा पाच हजारांवर आणली. मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात, ज्याला कार्डच नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. झेरॉक्सवाल्याकडे द्यायला पहिले आठ आकडे झाकलेली आधारची प्रत काढली, कारण आप्पांच्या आधारच्या झेरॉक्स राधानगरीत किमान पंधरा ठिकाणी पडलेल्या असतील. आप्पांच्या नावावर कुणी कर्ज काढलंय का हे बघायला क्रेडिट रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो. कुणी काढलेलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "आपल्याला कोण कर्ज देतंय?"

मग मी त्यांना तोतयाची गोष्ट सांगितली. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती अर्थात. पण परांजप्याचं आणि स्विचचं सांगितल्यावर ते जरा सावरून बसले. म्हणाले, "म्हंजे त्यो फोनवाला तोतया, आन् परांजप्या कोण, मीच की."

"तसं नाही आप्पा," मी म्हटलं.

"तसंच हाय. पुण्याला इचारलं न्हाई मी."

जुन्या काळी परगावच्या माणसाच्या हाती निरोप आला तर खूण विचारत, दोघांनाच माहीत असलेली एखादी गोष्ट. आप्पांनीच ते काढलं. आता फोनवर आवाजाचीही नक्कल होते, तुझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर? असा प्रश्न मला त्यांनी विचारला, मी नव्हे! म्हणून आमची एक खूण ठरली. ती इथे लिहिणार नाही, तेवढं शिकलोय.

संध्याकाळी परत निघालो. एसटीत बसलो तर फोन वाजला. आप्पा.

"पोचलास का कोल्हापुरात?"

"अजून हळदीतच आहे आप्पा."

"खूण सांग."

सांगितली. मग ते म्हणाले, "दरवाजं तिसरं बी उघडलं बघ आत्ता," आणि फोन ठेवला. पत्र्याचे पैसे मी पाठवलेत. दिवाळीनंतर काम सुरू करू म्हणालेत, पण मिस्त्री अजून तारीख देत नाही.